मधोमध तुटलेल्या पट्ट्या

तिचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ एकच, ते नवऱ्याच्या उशाशी असायचं, त्याच्या औषधाच्या वेळेसाठी. तिला घड्याळ लागत नसे. उठून दोघांचा स्वयंपाक करायचा, नवऱ्याच्या पाठीला तेल चोळायचं (तो हमाल होता, पाठ गेल्यापासून घरीच), आणि पावणेपाचला बाहेर पडायचं. अर्धा तास चालून सव्वापाचला ती प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी. रखवालदारानं तिला वेगळी किल्ली करून दिली होती. रोज रोज उठून दार उघडायचा त्याला कंटाळा आला होता.

कामाची वेळ नऊची होती. ती सव्वापाचला यायची ते धुळीमुळे. आठ वाजता झाडूवाले मामा यायचे, साडेआठला मी धातू कापायचा लेथ सुरू करायचो, आणि मग हवेत जे काही उडायचं त्यातला एक कण तिच्या घासायच्या कागदाखाली आला की दोन तासांचं काम वाया. म्हणून शेवटचा कागद आठच्या आत फिरून झाला पाहिजे. हा नियम तिला कुणी घालून दिला नव्हता, आणि नऊच्या आधीच्या तासांचे पैसेही कुणी दिले नाहीत.

मी त्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लेथ आणि मिलिंग चालवलं. तिच्या हातात गेलेली प्रत्येक पट्टी आधी माझ्या हातून गेली. तेव्हा हे लिहायला माझा हात चालेल, असं मी धरतो.

धातू कशानं थकतो आणि कुठून तुटतो, हे शोधायचं काम तिथे चालायचं. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. वीसदा वाकवली की तुटते. विमानाचा पंख, पुलाचा दांडा, सगळ्याचं तेच. आमच्याकडे धातूची बोटभर रुंदीची, मध्ये निमुळती पट्टी यंत्रात धरून सेकंदाला वीस वेळा ओढायची आणि सोडायची, आणि किती हिसक्यांनी तुटते ते मोजायचं. साहेब लोक तिला नमुना म्हणत. आम्ही पट्टी म्हणायचो. मी कापायचो, ती घासायची.

एका पट्टीला पाच कागद, खरखरीतपासून मऊपर्यंत. प्रत्येक कागदाला दिशा बदलायची, म्हणजे आधीची रेघ उरली असेल तर आडवी दिसते. शेवटचा कागद फक्त लांबीच्या दिशेनं, ज्या दिशेनं पट्टी ओढली जाणार त्याच दिशेनं. चारही अंगं. एका पट्टीला दोन तास चाळीस मिनिटं. झाल्यावर पट्टीत तोंड दिसायचं. त्यावरून तिला सगळे आरसेबाई म्हणत.

बोटांचं मात्र जे व्हायचं ते झालं. ऑफिसात अंगठ्याच्या हजेरीचं यंत्र आलं, आणि ते तिला ओळखेचना. महिनाअखेरीला कारकून म्हणाला, "बाई, यंत्राच्या मते तुम्ही बावीस दिवस गैरहजर."

"अंगठा तुमच्याच पट्ट्यांनी खाल्ला," ती म्हणाली, "आणि आता तुम्हीच विचारता, तू कोण?"

तेव्हापासून तिच्या एकटीसाठी सहीचं जुनं रजिस्टर परत आलं.

आता मुद्द्याचं. आमच्या संस्थेचा आणि दोन दिवसांच्या प्रवासावरच्या दुसऱ्या एका संस्थेचा करार झाला. विद्येची देवाणघेवाण. एकच मोठी ॲल्युमिनियमची प्लेट घ्यायची, दोन तुकडे करायचे, अर्धा त्यांना, अर्धा आम्हाला. दोघांनी आपापल्या हातानं पट्ट्या बनवायच्या, तोडायच्या, आकडे एकत्र मांडायचे. शिवाय त्यांच्याकडचे एक प्राध्यापक तेच सगळं कॉम्प्युटरवर करून आधीच सांगणार होते, पट्टी केव्हा तुटेल ते. गणित, त्यांची पट्टी आणि आमची पट्टी, तिघांचं जुळलं पाहिजे.

आम्ही शहाण्णव पट्ट्या केल्या. रोज एक. पाच महिने लागले.

जुळलं नाही. गणित म्हणत होतं, साधारण दोन लाख हिसके. त्यांच्या पट्ट्या एक लाख नव्वद हजाराच्या आसपास जात होत्या. आमच्या चार लाखांपर्यंत टिकत होत्या. दोन एका बाजूला, आम्ही एकटे दुसऱ्या बाजूला.

मग ते प्राध्यापक तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आले. आम्ही त्यांना पाहुणे सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. चहाचा कप स्वतः विसळायचा. पण हिशोबात कडक. पहिले दोन दिवस त्यांनी आमचं यंत्र तपासलं. यंत्र बरोबर निघालं. तिसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, थोरले सर, यांच्या खोलीत आम्हा दोघांना बोलावणं आलं. आरसेबाईनं तिची वही आणावी, असा निरोप होता.

पाहुण्या सरांनी वही उघडली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "पॉलिश झाल्यानंतरचं माप. हा रकाना रिकामा आहे. सगळ्या पानांवर."

"हो," ती म्हणाली. "माप शेवटच्या कागदाच्या आधी घेतलंय. ते शेजारी लिहिलंय."

"आणि नंतर?"

"नंतर नाही घेत."

"का?"

"पॉलिश झालेल्या अंगाला पोलाद लावत नाही."

"हा नियम कुणाचा?"

"चमच्यांचा," ती म्हणाली.

खोलीत हसू पसरलं. मीही हसलो, ते कबूल करतो. तिनं हसणं संपू दिलं आणि सांगितलं. इथे येण्याआधी ती नऊ वर्षं साच्यांच्या कारखान्यात होती. चमच्याचे पोलादी साचे घासायची. साच्यावर एक चरा पडला की तो प्रत्येक चमच्यावर उठतो, हजार चमचे, हजार चरे. म्हणून तिथला मुकादम घासलेल्या साच्याजवळ कुणाला मोजपट्टीसुद्धा नेऊ देत नसे.

"ताई, इथे चमचे बनत नाहीत," पाहुणे सर शांतपणे म्हणाले. "पट्टीची नेमकी जाडी माहीत नसेल तर तिच्यावर ताण किती पडला तेही माहीत नाही. तुमची पट्टी जाड राहिली असेल, म्हणून जास्त टिकली असेल. मला या शहाण्णव पट्ट्या धरता येणार नाहीत. मी निघायच्या आदल्या दिवशी अहवालावर सह्या होतील, तेव्हा हे आकडे त्यात नसतील."

तिनं वही उचलली आणि बाहेर आली. पाच महिन्यांच्या पहाटा त्या वहीत होत्या, आणि हातात अठरा दिवस.

मला राग आवरेना. वर्कशॉपमध्ये आल्यावर म्हणालो, "कॉम्प्युटरपुढे बसून उंटावरून शेळ्या हाकतात हे लोक. आयुष्यात एक पट्टी घासली आहे का त्यांनी?"

"दादा, मला त्यांच्या शेळ्या बघायच्या आहेत," ती म्हणाली.

मला कळलं नाही. तिनं पाहुण्या सरांनी बरोबर आणलेली पेटी मागून घेतली. त्यांच्याकडच्या तुटलेल्या चाळीस पट्ट्या त्यात होत्या, प्रत्येकीचे दोन तुकडे दोऱ्यानं बांधलेले. दुपारच्या सुट्टीत तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तुकडे ओळीनं मांडले. त्याच्या खाली आमच्या चाळीस. डबा खाल्ला नाही. भिंग घेऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली. "दादा, लांबून बघा. भिंग नको."

बघितलं. आमच्या पट्ट्या कुठेही तुटल्या होत्या. कुणी वर, कुणी खाली, कुणी मध्ये. त्यांच्या चाळीसपैकी सदतीस अगदी मधोमध. रेघ मारून तोडल्यासारख्या.

"जीव जायचा तर कुठूनही जातो," ती म्हणाली. "सगळ्यांचा एकाच जागी कसा जाईल? तिथे काहीतरी होतं."

मग तिनं भिंग दिलं. एका तुकड्यावर, तुटल्या कडेपासून केसाच्या अंतरावर, एक आडवी बारीक रेघ होती. पट्टी उलटी केली. मागच्या अंगावर, बरोबर समोर, दुसरी तशीच. चिमट्यात धरल्यासारखी. एकतीस वर्षं मी ज्या हत्यारानं जगलो त्याची खूण मला ओळखायला वेळ लागला नाही. ती व्हर्नियरच्या, म्हणजे जाडी मोजायच्या पोलादी मापकाच्या, दोन जबड्यांची रेघ होती.

ती तशीच, हात न धुता, पाहुण्या सरांकडे गेली. मी मागे.

"सर, तुमच्याकडे पट्टी कोण मोजतं?"

"आमचे मोजणारे आजोबा. तीस वर्षांचा हात आहे. प्रत्येक पट्टी पॉलिश झाल्यावर तीनदा मोजतात."

"कुठे?"

"मधोमध. जिथे सगळ्यात निमुळती असते तिथेच मोजावी लागते."

"व्हर्नियरनं?"

"हो."

"चांगला माणूस दिसतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आळशी असता तर तुमच्या पट्ट्या जास्त टिकल्या असत्या."

पाहुण्या सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी भिंगातून बघितलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "ही रेघ इतकी बारीक आहे की आमच्या गणितात ती येतच नाही."

"गणितात नसेल. पट्टीत आहे."

"मग आमचं गणित आमच्या पट्ट्यांशी जुळलं कसं? सांगा."

थोरले सर दारात कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी विचारलं, "तुमच्या गणितात धातूच्या दमाचा एक आकडा बाहेरून घालावा लागतो ना? तो कुठून घेतला?"

"आमच्याच जुन्या चाचण्यांवरून."

"त्या पट्ट्या कुणी मोजल्या होत्या?"

पाहुणे सर खुर्चीत बसले. त्याही आजोबांनीच, म्हणजे गणितातला आकडाही रेघ पडलेल्या पट्ट्यांवरूनच आलेला.

पण ते लगेच मानणारे नव्हते, आणि ते मला आवडलं. म्हणाले, "ही अटकळ झाली. बारा पट्ट्या करा. सहा मी मोजीन, आमच्या पद्धतीनं, माझ्या व्हर्नियरनं. सहांना कुणी हात लावायचा नाही. कुठल्या सहा ते फक्त मला माहीत असेल. यंत्रावरच्या माणसालाही नाही."

"चालेल," ती म्हणाली. "आणि न मोजलेल्या सहा तुटल्यावर मोजा. मेल्यावर कुणाला दुखतं?"

एवढा साधा उपाय खोलीतल्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचला नव्हता.

सोळा दिवस उरले होते. बारा पट्ट्या म्हणजे बारा पहाटा, सुट्ट्या धरून. मी एका दिवसात बारा तुकडे कापून दिले. तिनं त्यातला एक परत केला, कोपरा ठेचलेला होता म्हणून. मी पुन्हा कापला. तिच्या जागी मी असतो तरी परत केला असता.

सातव्या पहाटे तिची पट्टी खाली पडली. मी त्या आठवड्यात लवकर येत होतो, म्हणून माझ्या डोळ्यांदेखत. लाकडी फळीवर पडली. मी बघितली, काही दिसलं नाही. भिंगातून बघितली, तरी काही दिसलं नाही.

"असू दे की," मी म्हणालो. "कुणाला कळणार?"

"मला कळलंय ना."

ती भंगारात गेली. आता एका दिवसात दोन करायच्या होत्या. आठ वाजले होते, मामा झाडू घेऊन आले. तिनं त्यांना दारातच गाठलं. "मामा, आज झाडू नको. फक्त ओल्या फडक्यानं पुसा."

"संबंध व्हरांडा ओल्या फडक्यानं? माझी कंबर तुम्ही देणार का?"

"मी अर्धा पुसते."

आणि पुसला. मग हात धुऊन, नखं घासून, दाराच्या फटीत ओलं कापड कोंबून ती पुन्हा पहिल्या कागदापासून बसली. मी त्या दिवशी लेथ अकरापर्यंत सुरू केला नाही. साहेबांनी विचारलं, तर पट्टा ढिला झालाय म्हणालो. एकतीस वर्षांत कामाबद्दल मी खोटं बोललो ते तेवढंच.

बारा पट्ट्या तेराव्या दिवसापर्यंत यंत्रातून गेल्या. घरी नवरा रोज विचारायचा, "किती गेल्या?" ती आकडा सांगायची. एकदा तो म्हणाला, "आणि हरलीस तर?" ती म्हणाली, "तर पट्ट्या चुकीच्या होत्या असं कळेल. ते तरी नीट कळू दे."

चौदाव्या दिवशी पाहुण्या सरांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. मोजलेल्या सहा, सगळ्या दोन लाखांच्या आगेमागे तुटलेल्या, सहाही मधोमध. न मोजलेल्या सहांपैकी पाच पावणेचार लाखांच्या पुढे. तुटल्यावर त्यांची जाडी मोजली, ती तिच्या वहीतल्या आकड्याशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळत होती.

"आणि ही सहावी?" पाहुण्या सरांनी विचारलं. "हिला कुणी हात लावला नाही. तरी दोन लाख साठ हजारांत गेली, वरच्या खांद्यापाशी, पट्टी रुंद होत जाते तिथे."

मी म्हणणार होतो की यंत्रात वाकडी धरली असेल. ती तोवर तुकडा घेऊन खिडकीपाशी गेली होती. बराच वेळ बघत होती. मग परत येऊन तो त्यांच्यासमोर ठेवला.

"ही माझी. खांद्याच्या वळणावर तिसऱ्या कागदाची रेघ राहिलीय. पाच नंबरची पट्टी. वहीत तशी नोंद करते."

"तुम्ही बोलला नसता तरी निकाल बदलत नव्हता," पाहुणे सर म्हणाले.

"पण पट्टी चुकलेली ती चुकलेलीच राहिली असती."

मला वाटतं, पाच चांगल्या पट्ट्यांपेक्षा त्या एका वाईट पट्टीनं त्यांना जास्त पटलं. त्यांनी तिची वही मागितली. रिकाम्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, "पॉलिशनंतर स्पर्श नाही. माप तुटल्यावर," आणि खाली सही केली. शहाण्णव पट्ट्या अहवालात आल्या. त्यांच्या संस्थेच्या वगळल्या गेल्या, आणि गणितातला तो एक आकडा त्यांनी नव्यानं काढायला घेतला. सह्या झाल्या तेव्हा थोरले सर तिला म्हणाले, "बाई, तुमच्या पट्ट्या अहवालात आल्यात की नाही, बघून घ्या." ती म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला, सर." ती एवढी मोकळी हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

गोष्ट इथे संपली असती. पण चहा पिताना पाहुणे सर म्हणाले, "परत गेल्यावर पहिलं काम म्हणजे आजोबांना लेखी कळवायचं. तुमच्या मोजण्यामुळे तीस वर्षांच्या पट्ट्या..."

तिनं कप खाली ठेवला. "कागदावर नका कळवू."

"मग?"

"त्या दिवशी या खोलीत माझी वही तुम्ही उघडलीत, सर. मी समोर होते म्हणून बोलू शकले. त्यांना कागद मिळेल. कागदाशी काय बोलणार ते? मी येते. मी सांगते. आणि हात दाखवते. हात कागदावर उतरत नाही."

थोरल्या सरांनी अर्ज केला. आठ दिवसांनी ऑफिसातून फाइल परत आली. देवाणघेवाणीच्या करारात प्रवासखर्च संशोधकांना आहे. पॉलिश करणाऱ्यांसाठी तसं कलम नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "सुट्टी तरी मिळते ना?"

तिच्या स्वयंपाकघरात फरशी नव्हती, खडबडीत कोबा होता, जागोजागी उखडलेला. दिवसभर आरसे करून ती त्या कोब्यावर उभी राहून भाकऱ्या थापायची. नवरा तिला म्हणायचा, "एवढी घासतेस, तर एकदा हाही घास." फरशीसाठी ती दोन वर्षं पगारातून बाजूला टाकत होती. त्या संध्याकाळी तिनं त्याला विचारलं.

"पंधरा वर्षं चाललोय यावर," तो म्हणाला. "अजून चालू. तू जा. माझ्या तेलाचं सांगून जा कुणाला तरी." ते काम माझ्याकडे आलं. सात संध्याकाळी मी त्याची पाठ चोळली.

ती काय बोलली ते तिनं परत आल्यावर मला थोडक्यात सांगितलं. आजोबांच्या टेबलावर तिनं दोन पट्ट्या ठेवल्या, एक त्यांची, एक तिची. भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "तीस वर्षं."

"तीस वर्षांत तुमचं एकही माप चुकलेलं नाही," ती म्हणाली. "तुमचे सर सांगतात."

"मग काय उपयोग त्याचा?"

"आता तुटल्यावर मोजायचं. तेव्हा लागेल की हा हात. दुसऱ्या कुणाला जमणार आहे?"

आजोबांनी व्हर्नियर पेटीत ठेवला, पेटी बंद केली, आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. "दाखवा. कुठल्या दिशेनं घासायचं?"

तीन दिवस ती त्यांच्या शेजारी बसली. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे सव्वापाचला यायला लागले.

स्वयंपाकघरात अजून तोच कोबा आहे. फरशीच्या पैशांतून तिकीट आलं, जाण्याचं आणि येण्याचं, आणि तीन रात्रींची खोली. उरलेल्यातून तिनं तिथल्याच एका दुकानात भिंग घेतलं, स्वतःच्यापेक्षा चांगलं, आणि निघताना आजोबांच्या टेबलावर ठेवून आली.